सूर्य कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावा

कळसाडी, ५ नोव्हेंबर २०२५

भरत,

आशीर्वाद. त्यांना कोणाची मंजुरी लागत नाही, म्हणून आधी ते.

हे कागदावर लिहितो आहे, कारण तुमच्या मेलिंग यादीवर लिहिलेलं जगबुडीपर्यंत सगळ्यांना वाचता येतं, हे मी चार वर्षांपूर्वी शिकलो. मी पाठवलेल्या पहिल्या दुरुस्तीवर, तुमच्या भाषेत पॅचवर, तू उत्तर दिलं होतंस, 'कृपया पाठवण्यापूर्वी नियम वाचावेत.' एक ओळ, इंग्रजीत, तीनशे माणसांसमोर, आणि खाली 'सादर'. ज्याला मी पाटीवर श्री गिरवायला लावला त्याने मला सादर नियम वाचायला सांगितले. तेव्हापासून आपण बोललो नाही. तुझी वहिनी परवा म्हणाली, "तुम्हले भाऊ पाहिजे का फोल्डर?" मी म्हटलं, फोल्डर. निदान ते उघडतं तरी.

तुझ्या यादीवरच्या विद्वानांना मी कोण हे ठाऊक नाही. त्यांना सांग: हेमराज, शहादा तालुक्यात हायस्कूलला संस्कृत शिकवतो. संस्कृतला मुलं कमी, म्हणजे मला वेळ भरपूर, असा हिशोब मांडून मुख्याध्यापकांनी कॉम्प्युटरची खोली माझ्या गळ्यात घातली, आणि न्यायशास्त्र वाचलेल्या माणसाला सी भाषा फारशी परकी वाटली नाही. दोन्हींत माणसं एका अल्पविरामावरून आठवडाभर भांडतात.

आता मुद्दा. मणिबेलीकडे संस्थेची दवाखान्याची बोट जाते. बोटीवरच्या आणि पाड्यांवरच्या नर्सना मिळून चाळीस टॅब दिलेत. तुम्ही यादीवरची मंडळी मिळून लिहिता त्या कर्नलवरच ते चालतात. त्यातला, उजेडाच्या सेन्सरचं म्हणणं टॅबला कळवणारा ड्रायव्हर मी लिहिलेला, घरगुती. टॅबच्या वरच्या काठाला मधोमध खसखशीएवढं भोक असतं. त्यामागची चिप बाहेर उजेड किती ते सांगते, आणि पडदा त्याप्रमाणे उजळतो किंवा मंदावतो. माझा ड्रायव्हर उजेडाला शून्य ते शंभर गुण देतो. शिक्षकाची सवय.

१४ ऑक्टोबरला भर दुपारी बोटीवरच्या सुगंधाबाईने चौदा महिन्यांच्या एका पोरीचं वजन घेतलं. पाच किलो नऊशे. पडदा काळाठिक्कर. तिने अंदाजाने पाचावर बोट ठेवलं, ते खालच्या आठावर पडलं. आठ किलो नऊशे नोंदलं गेलं. पोर कागदावर धडधाकट, म्हणून तिला दवाखान्यात पाठवलं नाही. बारा दिवसांनी आई, रमिलाबाई, तिला स्वतःच घेऊन आली. पोर वाचली. सुगंधाबाईला नोटीस आली: निष्काळजीपणा, करार का रद्द करू नये, ८ डिसेंबरला समक्ष हजर राहून सांगावे.

तिला साहेबांनी विचारलं, हाताने सावली का नाही केली? ती म्हणाली, "एक हातमा पोर, एक हातमा टॅब. तिसरा हात कोठून आनू, साहेब?" हे उत्तर 'उद्धट' म्हणून नोटिशीत जोडलं आहे.

मी मग चाळीसही टॅब संस्थेच्या भांडारात मागवून भर उन्हात धरले. सूर्याला शंभरपैकी नऊ. चाळीसही ठिकाणी नऊ. म्हणजे चिपच मंद. मी पॅच लिहिला, सूर्याला कृपागुण देऊन पास केलं आणि यादीवर पाठवलं. तुमच्याकडे तो मंजूर झाला की दोष चिपचा होता हे कागदावर येतं आणि बाईची नोकरी राहते. एवढंच काम आहे.

त्यावर तुमची त्रेचाळीस पत्रं आली. सगळी एकाच प्रश्नावर: असा ड्रायव्हर कोणत्या फोल्डरमध्ये राहावा? कळफलक आणि माऊस यांच्या शेजारी, 'इनपुट'मध्ये? पंखे आणि तापमान यांच्या शेजारी? की 'संकीर्ण' नावाच्या त्या अडगळीत? तो चालतो का, हे त्रेचाळीसांपैकी एकानेही विचारलं नाही. पोर बुडत असताना काठावर बसून पोहण्याची व्याख्या करणारी सभा मी यापूर्वी फक्त आमच्या शिक्षक संघटनेत पाहिली होती.

इनपुटचा राखणदार तू आहेस. दार उघड.

तुझा थोरला,
हेमराज


कळसाडी, १६ नोव्हेंबर

भरत,

पत्राला उत्तर नाही, यादीवर मात्र आहे. छान. निदान तू जिवंत आहेस हे जगाबरोबर आम्हालाही कळलं.

तू लिहिलंस, 'इनपुट म्हणजे माणसाने यंत्राशी केलेली क्रिया. कळ दाबली, बोट फिरवलं. सूर्य उगवतो तो वापरणाऱ्याच्या इच्छेने नव्हे. प्रकाशसेन्सर हे मोजण्याचं साधन आहे. त्याने तापमापक, दाबमापक यांच्या घरात जावं.'

वा. सूर्य हा वापरकर्ता नाही, असा निर्णय आता बंगळुरूत झाला. इकडे त्याला सकाळी उठून अर्घ्य देतात, त्यांना कळवतो.

अरे, डोळा हे इंद्रिय की मोजपट्टी? इंद्रियाने विषय आत आणावा एवढंच त्याचं काम. प्रकाश आत आणतो तो डोळा, आवाज आणतो तो कान. तुमच्याकडे मायक्रोफोनला कोणी विचारतं का, की बाबा, तू किती डेसिबल? टॅबला डोळा दिला आहे, तर तो इंद्रियांच्या रांगेत बसू दे. यात न समजण्यासारखं काय आहे? तुला मी हे आठवीत शिकवलं होतं, विहिरीवर, तुझ्या पायाला चिखल आणि तोंडात पेरू होता. उत्तर बरोबर दिलं होतंस. पुढे शिकलास आणि बिघडलास.

आणि शेवटी तीन प्रश्न. पहिला, मोजणी उन्हात केली की सावलीत. दुसरा, गुण नकोत, चिपच्या दोन्ही वाहिन्यांचे कच्चे आकडे द्या. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा वेगळा आणि न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या उजेडाचा वेगळा. तिसरा, सेन्सरची खिडकी स्वच्छ होती का.

तिसरा प्रश्न मी शीलाला वाचून दाखवला. "मंग? व्हती का?" म्हणाली. बायकोसुद्धा तुमच्या यादीत सामील झाली असावी.

खिडकी स्वच्छ होती का! मी काय टॅब घेऊन गुऱ्हाळात बसतो? चाळीस टॅब, चाळीस वेळा नऊ. घाण असती तर कुठे पाच आले असते, कुठे वीस. घाणीला इतकी शिस्त नसते. हे अनुमान तुझ्या कंपनीतल्या कोणालाही तपासायला दे. आणि कच्चे आकडे कशाला? मी गुण दिल्यावर उत्तरपत्रिका पालकांना दाखवत नाही.

सुगंधाबाई परवा शहाद्याच्या स्टँडवर भेटली. गाडीची वाट बघत होती. म्हणाली, "गुरुजी, तुमना भाऊ मोठा मानूस शे ना? मंग त्याले एक कागद लिखी द्या म्हना." मी म्हटलं, तो कागद लिहीत नाही, तो फोल्डर ठरवतो. ती म्हणाली, "मन्हा नोकरीना फोल्डर कोठे शे, तेबी इचारा."

विचारतो आहे.

हेमराज


कळसाडी, २७ नोव्हेंबर

भरत,

थोडक्यात लिहितो. शाळेत परीक्षा आहे.

पॅचची तशी घाई नाही. सुट्टीत बघू. खिडकीबद्दलचा तुझा प्रश्न यादीवर पुन्हा काढू नकोस. आधीच धागा लांबलाय, त्यात धुळीची चर्चा कशाला. आणि कच्चे आकडे काढायला भांडार उघडावं लागतं, भांडारपाल लोटन रजेवर आहे.

उसाची तोड सुरू झाली. शीलाने तुझ्यासाठी लोणचं ठेवलंय, पाठवायचं कसं ते ती बघेल.

हेमराज


कळसाडी, १ डिसेंबर

भरत,

लोटन रजेवर नव्हता. परीक्षाही नव्हती.

२५ तारखेला सुगंधाबाई भांडारात आली होती. नोटिशीला जोडायचा म्हणून आपला टॅब घेऊन, कळसाडीहून मला बोलावून. मी तिला अनुमान समजावत होतो. चाळीस वेळा नऊ, घाणीला शिस्त नसते वगैरे. ती ऐकत नव्हती. तिने पर्समधून इंजेक्शनची सुई काढली आणि टॅबच्या त्या भोकात घातली. सुईच्या टोकाला लाल काहीतरी आलं. तिने ते नखावर पुसलं.

"गुरुजी, हाई काय शे?"

मला लगेच कळलं. तिच्या नखावर ते तेलकट चमकत होतं.

लोटनने पुढे वाकून पाहिलं. "कुंकू शे," म्हणाला.

"कोनी लायं?"

लोटन गप्प बसला असता तर त्याला मी आयुष्यभर मानलं असतं. पण त्याला वाटलं कौतुकाची गोष्ट आहे. "गुरुजीसनी! खंडेनवमीले. मंतर म्हनीसन. बठ्ठा टॅबसले, एक बी सोडा नही."

१ ऑक्टोबर, भरत. भांडारात हत्यारांची पूजा होती. वजनकाटे, लसींच्या पेट्या, बोटीचं इंजिन आणि चाळीस टॅब. संस्कृत येणारा माणूस म्हणून मला बोलावलं. मी कुंकू तेलात कालवलं, कारण कोरडं पडतं आणि वाईट दिसतं. टॅबला टिळा कुठे लावायचा, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. वस्तू उभी धरली, वरच्या काठाला मधोमध, जिथे कपाळ असतं तिथे. अनामिकेने, दाबून. दुसऱ्या दिवशी लोटनने वरचं फडक्याने पुसून घेतलं. भोकातलं राहिलं. तेलात बसलेलं कुंकू सहज निघत नाही. त्यासाठीच मी तेल घातलं होतं.

आणि चाळीसही ठिकाणी नऊच का, तर माझ्या हाताला शिस्त आहे. घाणीला नसते, मला आहे.

विद्यार्थी असताना आम्ही वाद घालायचो. अंधार हे द्रव्य की नुसता प्रकाशाचा अभाव? मीमांसक म्हणत द्रव्य, नैयायिक म्हणत अभाव. मी पंचवीस वर्षं नैयायिकांच्या बाजूने होतो. मीमांसकांचं बरोबर निघालं. अंधार हे द्रव्यच आहे. ते लाल असतं आणि आमच्या देवघरात स्टीलच्या डबीत मिळतं.

मी कच्चे आकडे काढले. दिसणारा उजेड तळाला, तांबड्यापलीकडचा भर दुपारच्या उन्हाइतका. असा दिवस पृथ्वीवर नसतो. लाल काचेआडून बघितलं तरच दिसतो. दोन आकडे शेजारी ठेवले असते तर आठवीतल्या मुलालाही कळलं असतं. पण माझ्या ड्रायव्हरने दोन्ही एकत्र करून गुण दिले आणि उत्तरपत्रिका फाडून टाकली. इनपुटच्या घरात तेच चालतं. तिथे निकाल पोचवतात. मापकांच्या घरात कच्चा आकडा आणि तो कितीने गुणायचा ते प्रमाण वेगवेगळं, उघड्यावर ठेवावं लागतं. तू त्या घराबद्दल बोलत होतास आणि मी तुला पेरू आठवून देत होतो.

सुगंधाबाईने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग नोटीस कोनले? मले, का तुमना देवले?"

मी सहा दिवस तिला उत्तर दिलेलं नाही. त्यातल्या एका दिवशी तुला ते २७ तारखेचं पत्र लिहिलं. फाडून टाक. आठ तारखेला सात दिवस आहेत. मी खरं सांगितलं तर पंचक्रोशीत माझ्या प्रत्येक सत्यनारायणाला लोक टॅब घेऊन येतील आणि खिडकी झाकतील. न सांगितलं तर ती घरी बसेल.

मला हे लिहून मोकळं व्हायचं नाही. कोणीतरी हे वाचलंय एवढं मला माहीत असावं, म्हणजे मी आठ तारखेला आजारी पडणार नाही.

हेमराज


कळसाडी, १० डिसेंबर

भरत,

तू फोन केलास. मला नाही, वहिनीला. तिने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "भरत शे," जणू पोलीस आलेत. मग वीस मिनिटं तुम्ही लोणच्यावर बोललात. शेवटी ती म्हणाली, "तो सांगी ऱ्हायना, यादीवर तुम्हीच लिखा. तो लिखनार नही." बरोबर आहे तुझं. लिहिलं.

तू वाचलंच असशील. 'पॅचमधला आकड्यांचा तक्ता चुकीचा आहे. सेन्सरवर विधीसाठी वापरलेला तेलकट लाल लेप होता. तो मी लावला. पॅच मागे घेतो.' चार वाक्यं लिहायला मला दोन तास लागले, आणि त्यावर तुमच्या विद्वानांना काय सुचलं? एकाने लेपाचं रासायनिक सूत्र विचारलं. दुसऱ्याने सुचवलं, की ड्रायव्हरमध्ये 'धार्मिक लेप आहे/नाही' असा एक झेंडा, म्हणजे हो-नाहीची खूण, असावा. तिसरा म्हणाला, तो झेंडा संकीर्णमध्ये ठेवू. या माणसांच्या घराला आग लागली तर ते आधी विस्तवाचं वर्गीकरण करतील. मी जन्मात इतकी माती खाल्ली आणि तीही त्यांना गोड लागली.

आता आठ तारीख. संस्थेचे करणसिंग साहेब मध्ये, डावीकडे सुगंधाबाई, उजवीकडे मी, धोतर नव्हे, पँट घालून. मी टॅब उन्हात धरला, दाखवला. सुईने भोक साफ केलं, पुन्हा दाखवला. पडदा दिव्यासारखा लागला. मग सगळं सांगितलं. तेल, अनामिका, कपाळ.

साहेबांनी दाढी खाजवली. त्यांच्यासमोर छापील नमुना होता. त्यात कारणाच्या दोनच चौकटी: मानवी चूक आणि यंत्रातील बिघाड.

"गुरुजी, हे कशात टाकू? यंत्र तर चांगलंय."

"मग मानवी."

"मानवीत बाईंचं नाव आहे."

"खोडा."

"खाडाखोड चालत नाही. वर विचारावं लागेल, नवी चौकट लागेल. 'पूजा' अशी चौकट नसते हो." मग आवाज उतरवून, "आणि पूजेवर लिहायचं म्हणजे लोकांना काय वाटेल? त्यापेक्षा बाईंनी माफीचा अर्ज दिला तर मिटतं."

इथे सुगंधाबाई उठली. "मी काबरं माफी मांगू? मन्हा डोळा चांगला, मन्हा हात चांगला. टिळा मन्हा नही."

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला साहेबांचा मार्ग फार सोयीचा वाटला. एक अर्ज, एक सही, सगळे जेवायला मोकळे. फोल्डर ठरवणाऱ्यांना मी महिनाभर हसलो, आणि इथे एका चौकटीसाठी एका बाईची नोकरी जात होती तर मी चहाच्या कपाकडे बघत होतो.

मग साहेबांचं पेन घेतलं. मानवी चुकीच्या चौकटीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'नव्हे', आणि खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, शाळा. सही. साहेब म्हणाले, "अहो, हे सरकारी..." मी म्हटलं, सरकारी नाही, तुमच्या संस्थेचं आहे, आणि खाडाखोड मी केली, तुम्ही नाही. त्यांना ते पटलं. आपण केलं नाही, याच्याइतकं त्या खुर्चीला दुसरं काही पटत नाही.

नोटीस मागे घेतली. करार मार्चपर्यंत आहे तसा. मला टॅबच्या कामातून काढलं आहे, आणि मुख्याध्यापकांनी बाहेरच्या संस्थेत पौरोहित्य का केलं याचा खुलासा मागितला आहे. त्यांना मी संस्कृतात उत्तर देणार आहे. ते समजायला त्यांना माझ्याकडेच यावं लागेल.

ड्रायव्हर तू मापकांच्या घरात घे. कृपागुण काढून. दोन्ही वाहिन्या उघड्या ठेव. दोष कोणी शोधला, ते लिहायची तुमची पद्धत आहे ना? तिथे माझं नाव घालू नकोस. सुई माझी नव्हती.

हेमराज


मणिबेली घाट, २४ डिसेंबर

भरत,

हे बोटीवरून लिहितो आहे, अक्षर त्यामुळे असं आहे.

तू ड्रायव्हर घेतलास. काल संध्याकाळी शीलाने मोबाईलवर दाखवलं. मापकांचं घर, दोन वाहिन्या, आणि खाली 'दोष कळवला: सुगंधाबाई'. आज सकाळी मी तिला ते वाचून दाखवलं, की तुझं नाव आता जगभरच्या यंत्रांत जाणार. ती दोरी सोडत होती. म्हणाली, "बरं. तठे जावाले डिझेल लागस का?"

मला आज बोटीवर तिने बोलावलं. मला कामातून काढलंय हे तिला ठाऊक आहे. म्हणाली, काम करू नका, बसा आणि आकडा मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तिला साक्षीदार हवा होता. मी बसलो. दुपारचे बारा, पाण्यावरून ऊन डोळ्यात येत होतं, पडदा लख्ख. बायका काट्याला आपापली झोळी बांधून तीत एकेक पोर ठेवत होत्या आणि मी वाचत होतो. सहा किलो चारशे. आठ किलो शंभर. दोनदा ती ओरडली, "जोरमा, गुरुजी!"

मग रमिलाबाई आली. तीच, ऑक्टोबरची. पोर झोळीत घातली. सात किलो दोनशे. सुगंधाबाईने नोंद केली, आणि टॅबने आलेख काढला. आधीचा ठिपका वर, आताचा खाली, मधे उतरती लाल रेघ. ऑक्टोबरच्या नोंदीत अजून आठ किलो नऊशेच आहेत. साहेबांना ती खोडायला वरून परवानगी आलेली नाही.

रमिलाबाईला आकडे वाचता येत नाहीत. रेघ वाचता येते. तिने भिलीत काहीतरी विचारलं.

सुगंधाबाई माझ्याकडे वळली. "ती इचारस, पोर कमी व्हयनी का? दोन महिना खावाडं-पिवाडं, तरी?"

साहेबांना सांगितलं, यादीला सांगितलं, तुला सांगितलं. हिला कोणी सांगितलं नव्हतं. हिला सांगावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी सांगितलं. पोर कमी झाली नाही, वाढली आहे. किलोभरापेक्षा जास्त. मागचा आकडा खोटा होता. पडदा काळा होता म्हणून खोटा पडला, आणि पडदा माझ्यामुळे काळा होता. मी शुद्ध मराठीत पाच-सहा वाक्यं बोललो. सुगंधाबाईने भिलीत तीन-चार शब्द सांगितले. कोणते, ते मी विचारलं नाही.

रमिलाबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कपाळाकडे, हातांकडे. मग झोळीतून पोर काढली आणि झोळीची गाठ सोडायला दोन्ही हात हवेत म्हणून ती माझ्याकडे दिली. मी धरली. पोरीने माझा चष्मा ओढला.

गाठ ओली होती, लवकर सुटत नव्हती. पोर जड आहे, भरत.

हेमराज